पाण्याजवळचे काळे चौकोन: दोष चिपचा, गेमचा की ड्रायव्हरचा?

प्रश्न थोडक्यात असा. धनकवडीत राहणाऱ्या एका विद्यार्थ्याकडे रायझनचा लॅपटॉप आहे. ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतलेच, रेडिऑन व्हेगा. त्यावर उबुंटू लिनक्स टाकलेले आहे. एका गेममध्ये पाण्याजवळ गेले की काळे चौकोन उमटतात आणि पसरत जातात. दुसऱ्या एका गेममध्ये झाडांच्या सावल्या लुकलुकतात. बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याने बघताक्षणी "जीपीयू गेलाय, रिबॉलिंग करावं लागेल" असे सांगितले, म्हणजे ग्राफिक्सची चिप काढून तिच्याखालचे टाके नवे घालायचे. मित्र म्हणतात, लिनक्स काढ आणि विंडोज टाक. दोष ओपन सोर्स ड्रायव्हरचा आहे हे ओळखायचे कसे, आणि ओळखल्यावर करायचे काय, असे त्या विद्यार्थ्याने विचारले आहे.

सगळ्यात आधी एक सांगतो: रिबॉलिंग करू नका. लॅपटॉप दुकानात ठेवला असेल तर आजच घरी आणा. तुमच्या प्रश्नातच याचे कारण आहे. बिघाड फक्त पाण्याजवळ होतो आणि दर वेळी तिथेच होतो. खराब झालेल्या चिपला पाणी आणि गवत यांतला फरक कळत नाही. तिचा दोष असता तर डेस्कटॉपवर, ब्राउझरमध्ये, लॅपटॉप सुरू होतानाच्या लोगोवरही कधी ना कधी ठिपके, रेघा, चुकीचे रंग दिसले असते. शिवाय मशीन तापल्यावर ते वाढले असते. एप्रिल-मे मधल्या पुण्याच्या दुपारी पंख्यात धूळ साचलेला लॅपटॉप वीस मिनिटांत तापतो. तेव्हाच बिघाड येत असेल आणि सकाळी गार मशीनवर येत नसेल, तर हार्डवेअरवर संशय घ्यायला जागा आहे. आणखी एक: तुमच्या ग्राफिक्सला वेगळी मेमरी नाही, ते लॅपटॉपचीच रॅम वापरते. म्हणून एका रात्री मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून झोपा. सकाळी एकही चूक दिसली नाही तर रॅमची शंकाही बहुतेक संपली.

मी बारा-तेरा वर्षे बाणेरला याच कामात आहे. दोष कुठल्या थरात आहे ते ठरवणे आणि योग्य माणसापर्यंत पोहोचवणे, हे रोजचे काम. माझे ठाम मत असे, की चित्राचा बिघाड हा आधी नीट *बघायचा* असतो. लोक बघत नाहीत, थेट सेटिंग बदलायला लागतात. शेडरची (पिक्सेलचे रंग काढणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची) कॅश पुसतात, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात, कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलतात, आणि शेवटी काय केल्याने गेले (किंवा आले) हे कुणालाच सांगता येत नाही.

तर बघायला सुरुवात स्क्रीनशॉटपासून. काळे चौकोन दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि ती फाइल दुसऱ्या मशीनवर किंवा फोनवर उघडा. त्यात चौकोन असतील तर चित्र काढतानाच चूक झाली आहे. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल आणि डोळ्यांना मात्र चौकोन दिसत असतील, तर चित्र बरोबर निघाले आहे आणि पडद्यापर्यंत जाताना बिघडले आहे. तो सारा मामला वेगळा. तिथे केबल, पॅनेल, कर्नलमधला डिस्प्लेचा भाग आणि वीज वाचवण्यासाठी असलेले पॅनेल सेल्फ रिफ्रेश बघावे लागते. पाच सेकंदांच्या या चाचणीने निम्मा शोध वाचतो, पण ती करून आलेला माणूस मला क्वचित भेटतो.

दुसरी गोष्ट, गेम नेमका कोणता ड्रायव्हर वापरतो आहे ते डोळ्यांनी पाहून घ्या. गेम आणि चिप यांच्यामध्ये बरेच थर आहेत. विंडोजसाठी लिहिलेला गेम असेल तर आधी तो लिनक्सवर चालवणारा प्रोटॉन, त्यात डायरेक्टएक्सचे (विंडोजवर चित्र काढायचे आदेश) व्हल्कनमध्ये (तसेच, पण लिनक्सवरही चालणारे आदेश) भाषांतर करणारे डीएक्सव्हीके किंवा व्हीकेडी3डी, त्याखाली मेसा, म्हणजे ओपन सोर्स ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच. मेसामध्येही व्हल्कनसाठी आरएडीव्ही आणि त्याहून जुन्या ओपनजीएलसाठी रेडिऑनएसआय हे दोन वेगळे ड्रायव्हर. सगळ्यांत खाली कर्नलमधला एएमडीजीपीयू. बिघाड यांपैकी कुठेही असू शकतो, आणि मेसा नवे टाकले म्हणून गेमने ते घेतलेच असे नाही. स्टीम फ्लॅटपॅकमधून (स्वतःच्या लायब्ररींसह येणाऱ्या पॅकेजमधून) टाकले असेल तर गेम फ्लॅटपॅकच्या रनटाइममधला मेसा वापरतो, तुमच्या उबुंटूतला नाही. गेम जुना, 32 बिटचा असेल तर त्याला 32 बिटचीच लायब्ररी लागते.

या शेवटच्या गोष्टीत माझे स्वतःचे दोन दिवस गेले आहेत. मी 64 बिटचा ड्रायव्हर सोर्स कोडपासून पुन्हा पुन्हा बांधून तपासत होतो आणि गेम शांतपणे जुना 32 बिटचा ड्रायव्हर वापरत होता. दर वेळी उत्तर "बिघाड आहे" असेच येई आणि त्या उत्तराला काही अर्थच नव्हता. तेव्हापासून माझा नियम आहे: प्रत्येक चाचणीआधी गेमच्या पडद्यावरच, मँगोहड या माहिती दाखवणाऱ्या साधनात, ड्रायव्हरचे नाव आणि आवृत्ती वाचायची. स्वतः बांधलेल्या मेसाच्या आवृत्तीत गिटच्या कमिटच्या (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाच्या) क्रमांकाचा तुकडाही दिसतो, तोही जुळवून पाहायचा.

आता बिघाडाच्या आकाराकडे येऊ. यात सगळ्यात जास्त माहिती असते.

त्रिकोणांचे लांबच लांब भाले कोपऱ्यापर्यंत ताणलेले दिसले, तर शिरोबिंदूंचे आकडे चुकताहेत. आधी उघडलेल्या दुसऱ्याच प्रोग्रॅमचे तुकडे, जुन्या चित्रांचा कचरा दिसला, तर कुणीतरी मेमरी साफ न करताच वाचते आहे. गेम सुरू करताना द्यायच्या आरएडीव्ही-डिबग या व्हेरिएबलला झिरोव्हीरॅम ही किंमत देऊन गेम चालवा. कचरा गेला तर बहुतेक वेळा चूक गेमचीच निघते. वस्तूंच्या कडांना आठ-आठ पिक्सेलच्या ठोकळ्यांत चुकीचे टेक्श्चर (पृष्ठभागावर चिकटवलेले चित्र) लागलेले दिसले, तर त्याचे एक ठरावीक कारण आहे. एएमडीची चिप 32 किंवा 64 पिक्सेलचा एक जथा करून काम करते आणि टेक्श्चरचा पत्ता त्या जथ्यासाठी एकच धरते. जथ्यातल्या पिक्सेलना वेगवेगळे टेक्श्चर लागणार असेल तर गेमच्या शेडरने तसे सांगायला हवे, व्हल्कनच्या नियमात ते लिहिलेले आहे. ते सांगायचे राहिले तरी काही चिपवर काम भागते, इथे ठोकळे दिसतात. मग लोक म्हणतात, "दुसऱ्या कार्डावर नीट चालतं, म्हणजे ड्रायव्हरच वाईट."

तुमच्या लुकलुकणाऱ्या सावल्यांसाठी एक सोपी परीक्षा. कॅमेरा अगदी स्थिर ठेवा आणि गेम पॉज करा. फोटो मोड असेल तर उत्तम, म्हणजे झाडे हलायची थांबतील. तरीही सावली लुकलुकत असेल, तर एक काम संपायच्या आत दुसरे सुरू होते आहे असे समजा. सावलीचा नकाशा पुरा व्हायच्या आधीच तो वाचला जातो आहे. आरएडीव्ही-डिबगला सिंकशेडर्स दिले की प्रत्येक कामानंतर चिप थांबते. त्याने लुकलुक गेली तर संशय पक्का होतो, पण वाट पाहायला सांगायचे कोण विसरले, गेम की ड्रायव्हर, हे अजून ठरायचे असते. त्यासाठी नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्या व्हल्कनच्या व्हॅलिडेशन लेयरमधली सिंक्रोनायझेशनची तपासणी आहे. ती ओरडली तर आधी गेमकडे किंवा मधल्या भाषांतराच्या थराकडे बघा. कॅमेरा हलवल्यावरच सावली थरथरत असेल, तर तो अनेकदा गेमच्याच सावल्यांचा कमी दर्जा असतो. विंडोजवरही तशीच थरथरते का, ते कुणाच्या तरी मशीनवर आधी पाहून घ्या.

आणि काळे चौकोन. तुमच्या वर्णनावरून मला हे "नॅन"चे प्रकरण वाटते. नॅन म्हणजे ज्याला संख्या म्हणताच येत नाही असे उत्तर: शून्याला शून्याने भागले, ऋण संख्येचे वर्गमूळ काढले की येते ते. हा एका पिक्सेलचा रोग सगळ्या चित्रात कसा पसरतो ते नीट समजून घ्या.

पाण्याचे प्रतिबिंब काढताना शेडर साधारण असे करतो: पृष्ठभागाची दिशा आणि नजरेची दिशा यांचा गुणाकार एकातून वजा करायचा आणि त्याचा पाचवा घात घ्यायचा. समोरून पाहिले तर गुणाकार बरोबर 1 यायला हवा, वजाबाकी 0. पण 32 बिटच्या दशांशांत 1 च्या लगेच पुढची संख्या 1.00000012 आहे. शेवटच्या बिटात एवढीशी चूक झाली की वजाबाकी 0 ऐवजी ऋण येते. चिप घात थेट काढत नाही. आधी लॉगॅरिदम घेते, गुणते आणि मग उलट जाते. ऋण संख्येचा लॉगॅरिदम म्हणजे नॅन.

एवढ्याने फक्त एक पिक्सेल बिघडला. पण पुढे उजेडाची झळाळी दाखवण्यासाठी गेम ते चित्र निम्मे करतो, पुन्हा निम्मे करतो, पुन्हा करतो. नॅन ज्यात मिसळेल त्याला नॅन करतो. सहा वेळा निम्मे झाल्यावर त्या एका पिक्सेलने 64 पिक्सेल रुंदीचा चौकोन खाल्लेला असतो. त्यावर गेम मागच्या फ्रेमचे चित्र पुढच्या फ्रेममध्ये मिसळत असेल, तर तो डाग जातच नाही, वाढत राहतो. काळा, चौकोनी, पाण्याजवळ, पसरणारा. तुम्ही लिहिले आहे ते अगदी हेच. गेमच्या सेटिंगमध्ये ब्लूम, म्हणजे ही झळाळी, बंद करून पाहा. चौकोन जाऊन जागोजागी काळे बारीक ठिपके उरले, तर माझा अंदाज बरोबर.

मग यात ड्रायव्हरचा काय संबंध? शेवटच्या बिटाचा. ड्रायव्हरमध्ये शेडरचे चिपच्या सूचनांत रूपांतर करणारा कंपायलर असतो. गुणाकार आणि बेरीज एकत्र एकाच सूचनेत करायची की वेगवेगळी, हे तो ठरवतो आणि त्याने शेवटचा बिट बदलतो. एका कंपायलरमध्ये उत्तर बरोबर 1 येते, दुसऱ्यात 1.00000012. दोन्ही नियमाला धरूनच असतात. म्हणून "विंडोजवर नीट चालतं" एवढ्यावरून लिनक्सचा ड्रायव्हर चुकला असे म्हणता येत नाही, आणि "नियमात बसतं" म्हणून खेळणाऱ्याच्या पडद्यावरचे चौकोन जात नाहीत.

दोनेक वर्षांपूर्वी कर्वेनगरला एका मित्राच्या मुलाच्या मशीनवर असाच बिघाड पाहिला होता. तिथे पाण्याऐवजी पावसात भिजलेला दगडी रस्ता होता. शनिवारी दुपारी बसलो. आधी रस्त्यासमोर उभे राहून गेम सेव्ह केला, म्हणजे कितीही वेळा उघडला तरी तेच दृश्य. मग रेंडरडॉकने एक फ्रेम पकडली. रेंडरडॉक त्या फ्रेममधला प्रत्येक आदेश एकेक करून दाखवतो. काळ्या चौकोनाच्या मधोमध एक पिक्सेल धरून त्याचा इतिहास उघडला. रस्ता काढण्याच्या आधी तिथे 0.21, 0.34, 0.40 असे तीन साधे आकडे होते. रस्ता काढल्यानंतर तिन्ही जागी नॅन. कोणत्या आदेशाने चित्र नासवले ते बोट ठेवून दाखवता आले. त्या मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून आठवतो.

पुढचे काम चिकाटीचे. जुन्या मेसावर तोच गेम नीट चालायचा हे त्याला पक्के आठवत होते. म्हणून गिट बायसेक्ट केले: चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती यांच्या बरोबर मधली घ्यायची, बांधायची, तपासायची, अर्धा भाग सोडून द्यायचा. हजार कमिट असतील तर दहा पायऱ्या, चार हजार असतील तर बारा. आम्हाला अकरा लागल्या. शेवटी सापडला तो कंपायलरमधला एक बदल, गुणाकार-बेरीज एकत्र करणारा. बदल बरोबर होता, शेडर ढिसाळ होता. तरीही ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी त्या एका गेमसाठी अपवाद घातला आणि रस्ता नीट दिसू लागला. मेसामध्ये अशा अपवादांची एक मोठी यादीच आहे, गेमच्या प्रोग्रॅमच्या नावानिशी. दुसऱ्यांच्या चुका पदरात घेऊन खेळणाऱ्याचे चित्र सुधारणाऱ्या या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

तुम्ही बायसेक्ट कराल तेव्हा सगळा मेसा बांधत बसू नका. व्हल्कनचा फक्त एएमडीचा ड्रायव्हर निवडा, ओपनजीएलचे सगळे बंद ठेवा. आरएडीव्हीचा स्वतःचा एसीओ हा कंपायलर 2020 सालच्या मेसा 20.2 पासून मूळचाच वापरात आहे, त्यामुळे एलएलव्हीएम हा बाहेरचा कंपायलरही लागत नाही. सीकॅश (आधी बांधलेले तुकडे जपून ठेवणारे साधन) लावून ठेवा. मग पहिली बांधणी वेळ खाते, पुढच्या पटापट होतात. बांधलेले सिस्टीमवर टाकू नका, घरच्या फोल्डरमध्येच ठेवा आणि व्हीके-ड्रायव्हर-फाइल्स या व्हेरिएबलने व्हल्कनला तिकडे वळवा. चुकून डेस्कटॉप बंद पडला असे व्हायला नको.

बायसेक्टच्या आधी थर वगळायच्या काही युक्त्या आहेत. गेम ओपनजीएलचा असेल तर मेसा-लोडर-ड्रायव्हर-ओव्हरराइडला झिंक द्या. मग ओपनजीएलचे काम व्हल्कनच्या ड्रायव्हरमधून जाते. बिघाड गेला तर रेडिऑनएसआयकडे बघा, राहिला तर दोघांना सामाईक असलेल्या भागाकडे किंवा गेमकडे. डायरेक्टएक्स 11 चा गेम असेल तर प्रोटॉन-यूज-वाइनडी3डीला 1 देऊन डीएक्सव्हीके बाजूला काढता येते. रंगांचे ठोकळे दिसत असतील तर आरएडीव्ही-डिबगला नोडीसीसी द्या, खोलीचा गोंधळ म्हणजे मागची वस्तू पुढे दिसत असेल तर नोहायझेड. या दोन्हींनी मेमरी वाचवण्याच्या आणि काम टाळण्याच्या युक्त्या बंद होतात. ही सगळी नावे टर्मिनलमध्ये किंवा स्टीमच्या लाँच ऑप्शनमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत, मेसाच्या कागदपत्रांत दिली आहेत तशी लिहायची.

इथे एक सावधगिरी. एखादा स्विच लावल्यावर बिघाड गेला म्हणजे तोच भाग दोषी, असे धरू नका. स्विचने मेमरीची मांडणी बदलते, वेळेचे गणित बदलते, आणि खरा दोष नुसता झाकला जातो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला आणि उलट करून पुन्हा बिघाड येतो का तेही पाहा. निदान झाले की स्विच काढून टाका. नाही तर वर्षभर गेम हळू चालतो आणि का, ते आठवत नाही.

शेडर कॅशबद्दल एकच वाक्य: ड्रायव्हर बदलला की कॅशची किल्लीही बदलते, त्यामुळे जुनी कॅश नव्या ड्रायव्हरला सहसा नडत नाही. एकदा बंद करून खात्री करा आणि तो विषय सोडा.

सॉफ्टवेअर ड्रायव्हर मात्र लोक विसरतात. मेसामध्ये लाव्हापाइप आणि एलएलव्हीएमपाइप हे दोन ड्रायव्हर चिपला हातही न लावता सगळे चित्र प्रोसेसरवर काढतात. गेम त्यावर खेळता येणार नाही इतका हळू चालेल, पण एका फ्रेमसाठी वेग कशाला हवा? ओपनजीएलच्या गेमचा एपीआयट्रेसने घेतलेला ट्रेस (गेमने दिलेल्या आदेशांची नोंद) एलएलव्हीएमपाइपवर चालवून दोन चित्रे शेजारी ठेवा. व्हल्कनमध्ये हे दर वेळी जमत नाही, कारण पकडलेल्या फ्रेममध्ये तुमच्या चिपची मेमरीची मांडणी आलेली असते आणि दुसऱ्या ड्रायव्हरवर ती कधी चालते, कधी नाही. नाही चालली तर त्यावरून काही निष्कर्ष काढू नका.

तक्रार नोंदवायची ती फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर, मेसाच्या विभागात. आधी तोच गेम, तीच चिप शोधा. कुणी नोंदवले असेल तर तिथेच आपली माहिती जोडा. त्याआधी मेसाची सगळ्यांत ताजी आवृत्ती तपासा, कारण वर्षात साधारण चार मोठ्या आवृत्त्या येतात आणि उबुंटूतली त्याच्या मागे असू शकते. मॉड आणि ओव्हरले काढा. चिपचे नाव, मेसा आणि कर्नलची आवृत्ती, शेवटची चांगली आवृत्ती माहीत असेल तर ती, चुकीचे आणि बरोबर असे दोन स्क्रीनशॉट, आणि ट्रेस. सगळ्यात मोलाचा ट्रेस. तो असला की गेम विकत न घेताही जगाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस तुमचे काळे चौकोन स्वतःच्या पडद्यावर पाहू शकतो. इंग्रजी साधे असले तरी पुरते, मीही साधेच लिहितो. फक्त "ग्राफिक्स खराब दिसतात" असे लिहू नका. कुठे उभे राहिल्यावर, किती वेळाने, कोणत्या सेटिंगवर, ते लिहा.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. आज रात्री मेमटेस्ट. उद्या पाण्याजवळ उभे राहून सेव्ह, स्क्रीनशॉट, आणि ब्लूम बंद करून दुसरा स्क्रीनशॉट. चौकोनांऐवजी ठिपके दिसले तर रेंडरडॉकने ती फ्रेम पकडा आणि एका ठिपक्याचा इतिहास उघडा. ज्या आदेशानंतर आकड्यांच्या जागी नॅन येतो, त्याचा क्रमांक, त्याच्या आधीचे तीन आकडे आणि त्या शेडरचा मजकूर इथे खाली लिहा. त्यात घात कुठे काढला आहे ते आपण मिळून शोधू.